लेखणी कोणी निवडावी? : संगणकीय पॅकेजे आणि वापरकर्त्याचा एडिटर

१

हस्तलिखितांच्या अभ्यासकांना लेखनसाधनाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. बोरूच्या तिरक्या छाटाने देवनागरी अक्षरांच्या जाड-बारीक रेषा ठरविल्या आणि ताडपत्रावर कोरणाऱ्या शलाकेने वेगळ्या वळणांना जन्म दिला. लेखणी बदलली की हात अडखळतो, आणि हात अडखळला की पाठात चूक शिरते, हा अनुभव लेखनिकांच्या परंपरेइतकाच जुना आहे. असे असूनही संगणकावर लिहिणाऱ्याच्या हाती कोणती लेखणी द्यावी, आणि ती कोणी ठरवावी, या प्रश्नाकडे भाषा-साहित्याच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा आहे, अशी एक समजूत त्यामागे असावी. ती तपासून पाहणे आवश्यक आहे.

येथे ‘लेखणी’ म्हणजे टेक्स्ट एडिटर, अर्थात साधा मजकूर लिहिण्याची व दुरुस्त करण्याची आज्ञावली. मराठीत तिला ‘मजकूर संपादक’ असेही म्हणतात. तथापि ग्रंथाचा पाठ सिद्ध करणारा विद्वान आणि अक्षरे उमटविणारी आज्ञावली यांना एकच नाव दिल्यास विवेचनात घोटाळा होईल. म्हणून आज्ञावलीस ‘एडिटर’ आणि माणसास ‘संपादक’ म्हणणे सोयीचे ठरेल.

एरवी लिहिणारा आपला एडिटर स्वतःच उघडतो. प्रश्न उद्भवतो तो दुसरीच एखादी आज्ञावली त्याच्या वतीने एडिटर उघडते तेव्हा. ‘गिट’ हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी रचलेली ही आज्ञावली कोणत्याही मजकुराच्या आवृत्त्यांचा तपशीलवार इतिहास राखते, आणि म्हणूनच ती आज पाठ-संपादनाच्या क्षेत्रातही येऊन पोहोचली आहे. ‘सारित’ या प्रकल्पाने टीईआय पद्धतीने चिन्हांकित केलेले संस्कृत ग्रंथ गिटच्या सार्वजनिक भांडारात ठेवले आहेत. दक्षिण व आग्नेय आशियातील शिलालेख-ताम्रपटांवर काम करणारा ‘धर्म’ हा युरोपीय प्रकल्पही हीच वाट चालतो. अशा भांडारात एखादा पाठभेद नोंदविताना संपादकास त्या बदलाचे कारण लिहावे लागते. ते कारण लिहिण्यासाठी गिट एक एडिटर उघडते. तो कोणता, हे त्या क्षणी गिटने ठरविलेले असते. सर्वसाधारण युनिक्स-सदृश यंत्रणेवर ज्याने आधी काहीच नोंदविलेले नाही, त्याच्यापुढे बहुधा ‘व्हीआय’ हा एडिटर येतो.

मराठी किंवा तमिळ ग्रंथाचा पाठ सिद्ध करणारा एखादा संशोधक पहिल्यांदाच या पडद्यापुढे येतो, तेव्हा त्याने टाइप केलेली अक्षरे उमटत नाहीत, काही अक्षरांनी भलत्याच क्रिया घडतात, आणि बाहेर पडण्याचा मार्ग सापडत नाही. खिडकीच बंद करून टाकावी, नोंद अर्धवट राहू द्यावी आणि पुढे या साधनाच्या वाटेस जाऊ नये, असा निष्कर्ष त्याने काढल्यास तो त्याचा दोष म्हणता येणार नाही. एका लहानशा पूर्वनिर्धारित निवडीमुळे एक संपादक एका उपयुक्त पद्धतीस मुकतो. या प्रश्नाचे महत्त्व येथे आहे.

२

हा प्रश्न निर्माण कसा झाला, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. युनिक्सच्या आरंभकाळी, १९६९ च्या सुमारास, केन थॉम्पसन यांनी ‘ईडी’ हा एडिटर लिहिला. त्या काळी संगणकाशी संवाद टेलिटाइप यंत्रावर, म्हणजे कागदावर छापून होत असे. त्यामुळे ईडी एका वेळी एकेका ओळीचाच विचार करतो. पुढे पडद्याची टर्मिनले आली आणि १९७६ मध्ये बर्कली येथे बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ची रचना केली. याच्या दोन अवस्था असतात. एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटते. दुसऱ्या अवस्थेत तीच कळ आज्ञा होते. आरंभी एडिटर या दुसऱ्या अवस्थेत असतो, आणि नवख्याची फसगत नेमकी येथेच होते. त्याच दशकात रिचर्ड स्टॉलमन यांच्या ‘ईमॅक्स’ची परंपरा सुरू झाली, आणि १९८५ मध्ये ‘ग्नू ईमॅक्स’ प्रसिद्ध झाला.

एडिटर अनेक झाले, तेव्हा वापरकर्त्याची आवड इतर आज्ञावलींना कळविण्याची सोय आवश्यक झाली. त्यासाठी वापरकर्त्याच्या खात्यात दोन नोंदी ठेवण्याचा संकेत रूढ झाला. एकीचे नाव ‘एडिटर’, दुसरीचे ‘व्हिज्युअल’. कागदावर छापणाऱ्या टर्मिनलासाठी ओळीचा एडिटर आणि पडद्याच्या टर्मिनलासाठी पूर्ण पडद्याचा एडिटर, असा मूळचा भेद होता. कागदी टर्मिनले गेली, पण दोन्ही नोंदी राहिल्या. भाषेत अर्थ लोपलेला प्रत्यय जसा रूपात टिकून राहतो, तसाच हा प्रकार आहे. आज बहुतेक जण दोन्हींत एकच नाव लिहितात.

गिटचा क्रम या संकेतावर उभा आहे. ते प्रथम खास गिटसाठी केलेली नोंद पाहते. मग गिटच्या स्वतःच्या रचनेत लिहिलेले नाव पाहते. त्यानंतर टर्मिनल समर्थ असेल तर ‘व्हिज्युअल’ आणि मग ‘एडिटर’ या सामान्य नोंदी पाहते. यांपैकी काहीच नसेल तर आज्ञावली बांधणाऱ्याने आत घालून ठेवलेल्या नावाकडे वळते, आणि ते नाव सामान्यतः व्हीआय असते. सर्वच पॅकेजे इतकी शिस्त पाळत नाहीत. काही केवळ एकच नोंद वाचतात, तर काही एकही न वाचता लेखकाच्या आवडीचा एडिटर सरळ उघडतात. काही पॅकेजे नोंद वाचतात खरी, पण नावापुढे वापरकर्त्याने काही सूचना जोडलेली असली, तर ते सारे मिळून एकाच फाइलीचे नाव आहे असे समजतात आणि ‘असा एडिटर नाही’ म्हणून थांबतात. वापरकर्त्याचे म्हणणे ऐकूनही समजून न घेण्याचा हा प्रकार ते न ऐकण्याहून फारसा वेगळा नाही.

३

आता मुख्य प्रश्न. अनेक ठिकाणांहून अनेक निर्देश येत असताना कोणता प्रबळ मानावा? भारतीय शास्त्रपरंपरेच्या अभ्यासकास हा प्रश्न ओळखीचा वाटेल. कारण मीमांसकांनी त्याचा सांगोपांग विचार केलेला आहे. कोणते अंग कोणत्या प्रधान कर्माचे, हे ठरविण्यासाठी त्यांनी श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या ही सहा प्रमाणे सांगितली, आणि त्यांच्यात विरोध आला असता आधीचे प्रबळ, नंतरचे दुर्बळ, असा निर्णय दिला. महत्त्वाचे आहे ते त्यामागील कारण. प्रत्यक्ष शब्दाने सांगितलेली गोष्ट थेट कळते. उरलेली प्रमाणे तिच्यापर्यंत अनुमानाच्या एकेका पायरीने पोहोचतात. जितक्या पायऱ्या अधिक, तितके अर्थापासूनचे अंतर अधिक, आणि तितके प्रमाण दुर्बळ. इंद्राचा निर्देश असलेली ऋचा केवळ तिच्यातील शब्दसामर्थ्यावरून इंद्राच्या उपस्थानासाठी लावता आली असती. परंतु ती गार्हपत्य अग्नीच्या उपस्थानासाठी वापरावी असे प्रत्यक्ष विधान असल्याने ते विधानच निर्णायक ठरते.

सहा प्रमाणांपैकी एकेकाची संगणकातील एकेका नोंदीशी जोडी लावणे ओढूनताणून होईल. परंतु त्यामागील तत्त्व येथे पूर्णपणे लागू पडते. वापरकर्त्याने ‘मला हा एडिटर हवा’ असे लिहून ठेवले असेल तर ते प्रत्यक्ष वचन होय. यंत्रणेच्या व्यवस्थापकाने सर्वांसाठी केलेली निवड ही त्याच्या वतीने केलेली आहे; ती एक पायरी दूर आहे. ज्या वितरणातून ती यंत्रणा आली त्या वितरणाचे धोरण आणखी एक पायरी दूर आहे. आणि पॅकेजाच्या लेखकाचे ‘बहुतेकांना हाच आवडत असेल’ हे मत सर्वांत दूर, म्हणून सर्वांत दुर्बळ आहे. त्याने वापरकर्त्यास पाहिलेले नाही, त्याची भाषा त्याला ठाऊक नाही, तो कोणत्या लिपीत लिहितो याची त्याला कल्पना नाही. पॅकेजाने स्वतःचे मत सांगावे ते फक्त वरचे सर्व मौन असतील तेव्हा, आणि तेही संकोचाने.

याच्या जोडीला वैयाकरणांचा उत्सर्ग-अपवादाचा न्यायही घ्यावा लागतो. सामान्य नियमाहून विशेष नियम बलवान असतो. म्हणून एखाद्याने सर्व कामांसाठी एक एडिटर आणि केवळ गिटसाठी दुसरा नोंदविला असेल, तर गिटने विशेष नोंदच मानली पाहिजे. गिटचा वर सांगितलेला क्रम या दृष्टीने निर्दोष आहे. मात्र विशेष नियम करण्याचा अधिकार कोणाचा, हे विसरता कामा नये. विशेष नोंद वापरकर्त्याने केली तर ती अपवाद ठरते. तीच नोंद एखाद्या पॅकेजाने स्थापनेच्या वेळी न विचारता करून ठेवली, तर ते प्रक्षिप्त वचन होय, आणि प्रक्षिप्त पाठास मूळ पाठाचे बळ देता येत नाही.

४

या तत्त्वाच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था ‘डेबियन’ या वितरणाने घडविली आहे. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेल्या या वितरणाचे एक लिखित धोरण आहे, आणि त्यात एडिटरांविषयी स्वतंत्र कलम आहे. त्याचा आशय असा की, ज्या पॅकेजास एडिटर उघडावयाचा असेल त्याने प्रथम वापरकर्त्याची नोंद पाहावी. नोंद नसेल तर ‘एडिटर’ याच सामान्य नावाने यंत्रणेत ठेवलेला दुवा वापरावा. हा दुवा प्रत्यक्षात कोणत्या आज्ञावलीकडे जातो, हे पॅकेजाने विचारावयाचे नाही. ते ठरविण्यासाठी ‘पर्याय-व्यवस्था’ आहे. प्रत्येक एडिटर आपले नाव आणि एक अग्रक्रमांक तेथे नोंदवितो, आणि व्यवस्थापकाने काही सांगितले नसेल तर सर्वांत मोठ्या अंकाचा एडिटर निवडला जातो. व्यवस्थापकाने एकदा स्वहस्ते निवड केली, की पुढे कितीही नवे एडिटर बसविले तरी ती निवड अबाधित राहते.

या रचनेतील शहाणपण दुहेरी आहे. पॅकेजाच्या लेखकास एडिटरांच्या जुन्या पंथभेदात पडावे लागत नाही. आणि माणसाने एकदा शब्द उच्चारला की यंत्राने तो आपणहून बदलावयाचा नाही, हे तत्त्व पाळले जाते. डेबियनमध्ये ‘नॅनो’ या सोप्या एडिटरचा अग्रक्रमांक ४० आहे आणि ईडीचा उणे १००. म्हणजे मौनाच्या प्रसंगी नवख्यास सोपी वस्तू मिळते, आणि ज्यास ओळीचा जुना एडिटरच हवा असेल त्याला तो मागून घ्यावा लागतो.

असे असले तरी अग्रक्रमांकाच्या पद्धतीत एक उणीव आहे. एखाद्याने मुद्दाम ईमॅक्स बसवून घेतला, तरी त्याचा अंक कमी असल्याने इतर आज्ञावली नॅनोच उघडत राहतात. बसविण्याची कृती हीच एक इच्छा नव्हे काय, असे त्यावर विचारले जाते. परंतु याचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. अनेक जण वापरत असलेल्या यंत्रणेवर एकाने एडिटर बसविला म्हणून दुसऱ्याच्या हातातील लेखणी बदलणे न्याय्य नाही. एकट्याच्या यंत्रावरही बसविणे आणि निवडणे या दोन क्रिया भिन्न आहेत. ग्रंथालयात नवा कोश आणला म्हणून वाचकाने टेबलावर उघडून ठेवलेला कोश कोणी मिटत नाही. या उणिवेवरील खरा उपाय अंक बदलण्यात नाही, विचारण्यात आहे. डेबियन आणि तिच्यापासून निघालेल्या ‘उबुंटू’मध्ये तशी सोयही आहे. ठरलेल्या वेळी करावयाच्या कामांची यादी प्रथमच उघडली असता यंत्रणा उपलब्ध एडिटरांची नावे दाखविते, त्यांतील सोपा कोणता ते सांगते, उत्तर वापरकर्त्याच्या खात्यात लिहून ठेवते, आणि पुढे मत बदलल्यास काय करावे हेही कळविते. प्रश्न एकदाच येतो, योग्य वेळी येतो, आणि उत्तर विसरले जात नाही. इतर पॅकेजांनी अनुकरण करावे असा हा आदर्श आहे.

चित्ररूप पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी फाइलीच्या प्रकारावरून आज्ञावली निवडण्याची एक वेगळी, सर्व वितरणांना समान अशी पद्धत आहे. तिचाही क्रम प्रथम वापरकर्ता, मग व्यवस्थापक, मग वितरण असाच आहे. दोन स्वतंत्र परंपरा एकाच क्रमावर येऊन पोहोचल्या, हे त्या क्रमाच्या यथार्थतेचे गमक मानता येईल. दुर्दैव एवढेच की या दोन व्यवस्था एकमेकींशी बोलत नाहीत. ज्याने चित्ररूप पडद्यावर आपला एडिटर निवडला आहे, त्याची ती निवड गिटला कळत नाही. वापरकर्त्याने तर आपला शब्द दिलेला असतो; तो ऐकला जाईल अशी सोय करणे हे यंत्रणा रचणाऱ्यांचे कर्तव्य आहे.

५

वापरकर्त्याचे वचन सर्वश्रेष्ठ, या नियमास एक मर्यादा मान्य केली पाहिजे. यंत्रणेवर कोणास कोणता अधिकार, हे ठरविणारी एक यादी असते, आणि ती ‘विसुडो’ नावाच्या आज्ञावलीने दुरुस्त केली जाते. त्या वेळी उघडणारा एडिटर सर्वाधिकाऱ्याच्या सत्तेने चालतो. येथे वापरकर्त्याने आपल्या नोंदीत लिहिलेली कोणतीही आज्ञावली चालवू दिली, तर एडिटरच्या नावाखाली काहीही घडविता येईल. म्हणून व्यवस्थापकाने मान्य केलेल्या एडिटरांपुरतीच निवड सीमित करण्याची तरतूद तेथे आहे, आणि ती रास्त आहे.

परंतु हा अपवाद किती अरुंद आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. त्याच आज्ञावलीच्या परिवारातील ‘सुडोएडिट’ने दाखवून दिले की संघर्ष अटळ नाही. ती संरक्षित फाइलीची एक तात्पुरती प्रत काढते. ती प्रत वापरकर्त्यास त्याच्या स्वतःच्या एडिटरात, त्याच्या स्वतःच्या मर्यादित अधिकाराने दुरुस्त करू देते. आणि काम संपल्यावर प्रत मूळ जागी ठेवते. लेखणी लिहिणाऱ्याची आणि ग्रंथाची मालकी ग्रंथपालाची, अशी ही विभागणी आहे. ‘सुरक्षिततेसाठी’ म्हणून निवड काढून घेणाऱ्या प्रत्येक पॅकेजास, अशी विभागणी करून पाहिली काय, असे विचारले पाहिजे.

६

आतापर्यंतचा विचार बोलणाऱ्या वापरकर्त्याचा झाला. परंतु पूर्वनिर्धारित निवडीचा खरा भार पडतो तो मौन असणाऱ्यावर. आणि तो मौन असतो, कारण निवड आहे हेच त्याला ठाऊक नसते. म्हणून शेवटचा पर्याय ठरविताना ‘श्रेष्ठ एडिटर कोणता?’ हा प्रश्न गैरलागू आहे. ज्याला काहीच सांगितलेले नाही तो कशातून सुखरूप बाहेर पडू शकेल, हा प्रश्न विचारला पाहिजे.

या कसोटीवर व्हीआय आणि १९९१ मध्ये ब्राम मोलेनार यांनी प्रसिद्ध केलेला त्याचा वंशज ‘विम’ उतरत नाहीत. त्यांचे सामर्थ्य वादातीत आहे. हजारो लेखक व आज्ञावलीकार ते प्रेमाने वापरतात. पण ते शिकून घ्यावे लागतात, आणि न शिकलेल्याच्या हाती ते अकस्मात देणे अनुचित आहे. हे आता त्या गोटातही मान्य झाले आहे. विंडोजवर गिट बसविताना कोणता एडिटर हवा असे विचारले जाते, आणि तेथेच अशी टीप दिलेली असते की विम हा केवळ ऐतिहासिक कारणामुळे पूर्वनिर्धारित आहे, दुसरा घेतलेला बरा. जी निवड करणाऱ्यासच पटत नाही ती केवळ परंपरेने चालू ठेवणे, यास समर्थन म्हणता येणार नाही. ‘फेडोरा’ या वितरणाने २०२० मध्ये आपल्या ३३ व्या आवृत्तीत व्हीआय बाजूस सारून नॅनो स्वीकारला. कारण नॅनोच्या पडद्याच्या तळाशी जतन कसे करावे व बाहेर कसे पडावे हे लिहिलेले असते. त्याहून महत्त्वाची त्या बदलाची रीत. वापरकर्त्याच्या खात्यात एडिटरची नोंद आधीच असेल तर तिला स्पर्श केला जात नाही. ती रिकामी असेल तरच नॅनोचे नाव भरले जाते. जुन्यांचा शब्द राखून नव्यांची सोय करता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

भारतीय भाषांत लिहिणाऱ्यास मात्र या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, आणि तिचा विचार या चर्चांत अपवादानेच होतो. भारतीय लिप्यांचा अधिकृत कळफलक ‘इनस्क्रिप्ट’ हा आहे. हा कळफलक चालू असताना व्हीआय उघडला गेला, तर काय होते? बाहेर पडण्यासाठी प्रथम अपूर्णविरामाची कळ दाबावी लागते. इनस्क्रिप्टवर तेथे ‘छ’ आहे. त्यापुढील रोमन ‘क्यू’च्या जागी ‘औ’ची मात्रा आहे. मजकूर लिहिण्यास आरंभ करण्यासाठी जी ‘आय’ची कळ आहे तेथे ‘ग’ आहे. अर्थात एडिटरास आज्ञा म्हणून मिळतात ती मराठी अक्षरे, आणि ती त्याला कळत नाहीत. इंग्रजी लिहिणारा नवखा माणूस कोठेतरी वाचून सुटकेचा मंत्र शोधून काढू शकतो. मराठी लिहिणाऱ्याने तोच मंत्र अचूक टाइप केला तरी दार उघडत नाही. कळफलक बदलला पाहिजे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

दुसरी अडचण दर्शनाची. टर्मिनलाचा पडदा समान चौकटींचा असतो, आणि प्रत्येक वर्णास ठरावीक चौकटी मिळतील या कल्पनेवर तो उभा आहे. देवनागरीत ‘क्ष’ हे एक अक्षर संगणकाच्या स्मृतीत क, हलन्तचिन्ह व ष अशा तीन चिन्हांनी साठविले जाते, आणि ‘कि’मधील वेलांटी साठविताना व्यंजनानंतर, पण दिसताना त्याच्या आधी येते. अनेक टर्मिनलांत त्यामुळे जोडाक्षरे फुटतात, आणि दिसणारे अक्षर व प्रत्यक्ष पुसले जाणारे अक्षर यांत मेळ राहत नाही. पाठभेदाची नोंद लिहिणाऱ्या संपादकास ही गैरसोय क्षुल्लक नव्हे. एका मात्रेचा फरक हाच जेथे नोंदीचा विषय, तेथे ती मात्रा नीट दिसलीच पाहिजे.

या अडचणीतून ज्यांनी स्वतःपुरता मार्ग काढला आहे त्यांचा विचार केला, म्हणजे वापरकर्त्याच्या वचनाचे मोल कळते. ईमॅक्समध्ये देवनागरी लिहिण्याच्या पद्धती अंगभूत आहेत. त्या केवळ मजकुरास लागू होतात, आज्ञांच्या कळा अबाधित राहतात. आणि २०२० मधील २७ व्या आवृत्तीपासून चित्ररूप पडद्यावर अक्षरांची जडणघडण ‘हार्फबझ’ या ग्रंथालयाकडे सोपविता येऊ लागली. कोणी असा एडिटर खटपटीने सिद्ध करून घेतो, तर कोणी जोडाक्षरे नीट दाखविणारा दुसरा चित्ररूप एडिटर निवडतो. पॅकेजाने त्याची नोंद डावलून दुसराच एडिटर पुढे केला, तर रोमन लिपीत लिहिणाऱ्याची केवळ सवय मोडते. देवनागरीत लिहिणाऱ्याची लिहिण्याची क्षमताच त्या प्रसंगापुरती हिरावली जाते. एकाच निष्काळजीपणाची किंमत दोन भाषांना समान मोजावी लागत नाही.

७

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की खात्यातील नोंद हा प्रकार जुनाट आहे. आजचा वापरकर्ता ती करीत नाही. हे खरे आहे. परंतु त्यातून निष्पन्न होते ते एवढेच की नोंद करण्याचा मार्ग सुलभ केला पाहिजे. नोंद न वाचण्याचे ते समर्थन होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप असा की प्रत्येक पॅकेज विचारू लागले तर प्रश्नांचा भडिमार होईल. म्हणूनच प्रश्न एका पॅकेजाने नव्हे, यंत्रणेने, एकदाच विचारावा आणि उत्तर सर्वांस उपलब्ध असावे. तिसरा आक्षेप तांत्रिक आहे. काही चित्ररूप एडिटर उघडताच मूळ आज्ञावलीस ‘काम झाले’ असे कळवून मोकळे होतात, आणि रिकामीच नोंद स्वीकारली जाते. तेव्हा पॅकेजाने ज्ञात एडिटर वापरणे अधिक सुरक्षित नव्हे काय? परंतु अशा एडिटरांना ‘थांबून राहा’ अशी सूचना देण्याची सोय बहुधा असते. रिकामी नोंद आली असता वापरकर्त्यास त्या सूचनेची आठवण करून देणे, हा पॅकेजाचा खरा धर्म आहे.

चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे. भारतीय लिप्यांची चिंता लक्षात घेऊन शेवटचा पर्याय निवडावयाचा, तर टर्मिनलातील कोणताच एडिटर पूर्णपणे पात्र ठरणार नाही. नॅनोही फुटक्या जोडाक्षरांवर उपाय करू शकत नाही, कारण दोष टर्मिनलाचा आहे. हे मान्यच करावे लागते. तथापि अपूर्ण पर्यायांतही तारतम्य असते. जेथे चित्ररूप पडदा उपलब्ध आहे तेथे यंत्रणेने तेथील एडिटर शेवटचा पर्याय म्हणून द्यावा. जेथे तो नाही तेथे बाहेर पडण्याची वाट पडद्यावरच लिहून ठेवणारा द्यावा. आणि वितरणांची धोरणे लिहिली जातात त्या चर्चांत, पूर्वनिर्धारित एडिटरची परीक्षा इनस्क्रिप्ट कळफलक चालू ठेवूनही घेतली जावी, असा आग्रह भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी धरला पाहिजे. डेबियन किंवा फेडोरा यांची धोरणे उघडपणे ठरतात, आणि सूचना करण्याचा मार्ग कोणासही खुला असतो. त्या दालनांत भाषा-साहित्याचे अभ्यासक विरळाच दिसतात. मग त्यांच्या वतीने निर्णय होतो तो त्यांच्या लिपीत कधी न लिहिणाऱ्यांकडून.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात मांडता येईल. पॅकेजाने प्रथम वापरकर्त्याची विशेष नोंद, मग त्याची सामान्य नोंद, मग व्यवस्थापकाची निवड, मग वितरणाचे धोरण पाहावे. स्वतःची आवड सांगूच नये, आणि सांगावीच लागली तर सर्वांत शेवटी. कोणाची नोंद त्याने न विचारता बदलू नये. अधिकाराचा प्रश्न आल्यास प्रतीवर लिहू द्यावे. आणि ज्याने काहीच सांगितलेले नाही, त्याच्या हाती अशी लेखणी द्यावी की जी त्याला खाली ठेवता येईल, मग त्याचा कळफलक कोणत्याही लिपीचा असो.